मोर्टन, लाँगबरो, सीझिनकोट, बोर्टन: कॉट्सवोल्ड्समधली एक गोल पायवाट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शनिवार-रविवारी कॉट्सवोल्ड्स या इंग्लंडमधल्या टेकड्यांच्या प्रदेशात निघालेल्या, इथे राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या बहुतेक गाड्या बिबरी नाहीतर बोर्टन-ऑन-द-वॉटरकडे वळतात. अर्धा वेळ पार्किंग शोधण्यात जातो आणि उरलेला गर्दी टाळून फोटो काढण्यात. ज्यांना खरंच पायी हिंडायचं आहे, त्यांना मी मोर्टन-इन-मार्शहून निघणारी ही गोल वाट सुचवते. तिच्याबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

वाट नेमकी कुठून कुठे जाते?

मोर्टन-इन-मार्श हे ग्लॉस्टरशरच्या ईशान्य कोपऱ्यातलं बाजाराचं गाव. तिथून नैऋत्येला शेतांमधून लाँगबरो, मग उत्तरेला वळून सीझिनकोटच्या जहागिरीतून बोर्टन-ऑन-द-हिल आणि तिथून उतारावरून पूर्वेला परत मोर्टन. सगळं मिळून साधारण 11 ते 12 किलोमीटर. लाँगबरोपर्यंत ‘मोनार्क्स वे’ आणि लाँगबरोपासून बोर्टनपर्यंत ‘हार्ट ऑफ इंग्लंड वे’ अशा दोन मोठ्या पल्ल्याच्या वाटांचे तुकडे यात येतात. बोर्टन-ऑन-द-हिल आणि बोर्टन-ऑन-द-वॉटर ही दोन वेगळी गावं आहेत. सॅटनॅव्हमध्ये नाव घालताना नीट बघा.

इतक्या वाटा असताना हीच का?

कारण या एका फेरीत इंग्लंडच्या खेड्यांची सुबत्ता कुठून आली ते पायाखालून आणि डोळ्यांसमोरून जातं. जुना पैसा मेंढीच्या लोकरीचा आणि धान्याचा. त्यातून चर्च, कोठारं आणि मधाच्या रंगाच्या दगडाची घरं उभी राहिली. नंतरचा पैसा ईस्ट इंडिया कंपनीचा. तो इथे लपलेला नाही, हिरव्या तांब्याचा घुमट डोक्यावर घेऊन उभा आहे. आपल्या माणसाने ही वाट चालावी असं मला मनापासून वाटतं ते त्यासाठी. नुसतं ‘किती छान, किती शांत’ म्हणून परत येण्यासारखी ही जागा नाही.

सीझिनकोट म्हणजे काय?

लाँगबरो सोडून उत्तरेला निघालात की मोठमोठी झाडं विखुरलेल्या कुरणातून वाट जाते. मेंढ्या चरत असतात, मध्ये फाटकं लागतात. आणि मग डावीकडे, झाडांच्या फटीतून, कांद्याच्या आकाराचा घुमट दिसतो. कोपऱ्यांवर छोट्या घुमटांच्या छत्र्या, भिंतीच्या माथ्यावर पुढे आलेला रुंद छज्जा, एका अंगाला वळत गेलेलं काचेचं लांब दालन आणि त्याला कमानदार खिडक्या. हा वाडा मुघल धाटणीचा आहे आणि तो ऐन ग्लॉस्टरशरमध्ये, 1805 च्या सुमारास बांधला गेला.

बांधून घेणारा चार्ल्स कॉकरेल कंपनीच्या चाकरीत बंगालमध्ये श्रीमंत झालेला. जहागीर आधी त्याचा भाऊ कर्नल जॉन कॉकरेल याने घेतली होती. 1798 मध्ये तो वारला आणि ती चार्ल्सकडे आली. वाड्याचा आराखडा केला दुसऱ्या भावाने, सॅम्युअल पेपिस कॉकरेलने. तो लंडनमध्ये कंपनीचा सर्वेक्षक होता आणि त्याआधी वॉरन हेस्टिंग्जसाठी जवळच्याच डेल्सफर्डला वाडा बांधून चुकला होता. म्हणजे वडगाव आणि सालबाईच्या तहांच्या काळातला आपला गव्हर्नर जनरल म्हातारपणी याच परिसरात राहिला, आणि डेल्सफर्डच्या चर्चच्या आवारातच त्याची कबर आहे. डेल्सफर्ड या वाटेवर येत नाही, पण लाँगबरोपासून ते फार लांब नाही.

सीझिनकोटचं हिंदुस्थानी रूप फक्त बाहेरून आहे. आतली दालनं त्या काळच्या इंग्रज श्रीमंताच्या घरासारखीच, ग्रीक-रोमन वळणाची. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेला युवराज 1807 मध्ये इथे येऊन गेला. ब्रायटनचा त्याचा घुमटांचा रॉयल पॅव्हिलियन पाहिलेल्यांना सीझिनकोट पाहिल्यावर त्याचं मूळ चटकन उमगतं.

या वाड्याचा महाराष्ट्राशी खरंच काही संबंध आहे, की ओढून-ताणून?

खरंच आहे, आणि तो चित्रकार टॉमस डॅनियलमार्फत आहे. सीझिनकोटच्या बागेतल्या इमारतींची आखणी त्याची. पुतण्या विल्यमला घेऊन तो 1786 पासून 1793 पर्यंत हिंदुस्थानात फिरला. परतीच्या आधी दोघं मुंबईला आले, तेव्हा तिथे जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार होता. वेल्सने त्यांना घारापुरी, कान्हेरी, कार्ले अशी लेणी दाखवली. हा वेल्स म्हणजे सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं एकत्र चित्र काढणारा. पुण्याचा गंगाराम तांबट हा चित्रकार ज्यांच्यासाठी काम करायचा, ते पेशवे दरबारातले इंग्रजांचे वकील, म्हणजे प्रतिनिधी, चार्ल्स मॅलेट आणि हा वेल्स एकाच वर्तुळातले. 1795 मध्ये वेल्स वारला. पुढे त्याच्या मुलीशी मॅलेटने लग्न केलं.

वेल्सची वेरूळची रेखाटनं डॅनियलकडे आली आणि त्यांवरून डॅनियलने 1803 मध्ये वेरूळच्या लेण्यांचा चित्रसंग्रह छापला. पेशव्यांच्या दरबारात मॅलेट टिपूविरुद्धचा 1790 चा तह करतो आहे, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून ओळखीचं झालेलं भव्य चित्रही डॅनियलचंच. ते 1805 चं आहे आणि आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. डॅनियलने पुण्याचा तो दरबार स्वतः पाहिला नव्हता. वेल्सने करून ठेवलेल्या अभ्यासचित्रांवर तो विसंबला.

आता साल बघा. शनिवारवाड्यातला दरबार कॅनव्हासवर उतरत होता त्याच सुमारास हाच माणूस ग्लॉस्टरशरच्या एका ओढ्यावर पूल आखत होता. पुलाच्या कठड्यांवर नंदी बसवले आणि खालचे जाड, ठेंगणे खांब घारापुरीच्या लेण्यांतल्या खांबांच्या धाटणीचे केले. वरच्या अंगाला सूर्याचं छोटं देऊळ आणि तळं, खाली झाडाच्या खोडाला वेटोळं घातलेला तीन फण्यांचा नाग. ज्यांनी गेटवेवरून लाँच पकडून घारापुरी केली आहे, त्यांनी या पुलाखाली जाऊन थोडा वेळ उभं राहावं. तिथे पाण्यातून टप्प्याटप्प्याने दगड ठेवले आहेत, त्यांवरून जाता येतं. खांब हाताच्या अंतरावर येतात.

आणि हेही लक्षात असू द्या की हे बांधकाम चालू होतं तेव्हाच हिंदुस्थानात असई, अडगाव, लासवारी या इंग्रज-मराठ्यांच्या लढाया होऊन गेल्या होत्या. ज्या देशाची मंदिरं बागेत हौसेने उभी केली जात होती, तो देश त्याच वर्षांत ताब्यात घेतला जात होता.

पण पूल आणि देऊळ पायवाटेवरून दिसतात का?

नाही. वाटेवरून वाडा आणि कुरण दिसतं. बागेसाठी तिकीट काढावं लागतं. बाग गुरुवारी, शुक्रवारी आणि बँक हॉलिडेच्या सोमवारी दुपारी उघडी असते, डिसेंबरमध्ये बंद. वाडा आतून पाहायचा तर त्याचे दिवस आणखी मोजके. निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याच्या वेळा पाहाच. माझा सल्ला: शक्य असेल तर एक सुट्टी टाका आणि गुरुवारी किंवा शुक्रवारी जा. शनिवारी गेलात तर वाट तितकीच सुंदर आहे, पण घारापुरीचे खांब राहून जातील.

कुणाच्या खासगी जहागिरीतून असं खुशाल चालत जाता येतं?

येतं, आणि ते मालकाच्या मेहेरबानीने नाही, कायद्याने. इंग्लंडमधल्या पायवाटा म्हणजे वहिवाटीचे हक्क. जमीन कुणाचीही असो, नोंदवलेल्या वाटेवरून जाण्याचा हक्क सगळ्यांचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटांचं जाळं सुमारे 2,25,000 किलोमीटरचं आहे. 1949 च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला आपल्या वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावलं. त्या नकाशावर जी वाट आहे, ती कायद्याच्या दृष्टीने आहेच. ती बुजवायला किंवा वळवायला रीतसर प्रक्रिया लागते.

शेतकऱ्याने मधोमध वाट असलेलं शेत नांगरलं, तर पहिल्या नांगरटीनंतर 14 दिवसांत त्याने वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची असते, निदान एक मीटर रुंद. म्हणून मे-जूनमध्ये गव्हाच्या उभ्या पिकातून सरळ रेषेत निघालेली उघडी पट्टी दिसते, तेव्हा संकोच करू नका. ती तुमच्यासाठीच ठेवलेली असते. आपल्याकडे बांधावरून आणि शेतरस्त्यावरून तहसील कार्यालयात वर्षानुवर्षं खेटे घालणारी माणसं माझ्या घरातही आहेत. त्यामुळे अशी पट्टी पाहिली की मला या देशाच्या कायद्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

हक्क आहे तसे नियमही आहेत. वाट सोडून कुरणात पसरायचं नाही, वाड्याच्या दिशेने ‘जरा जवळून फोटो’ म्हणून जायचं नाही, फाटक जसं होतं तसंच ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. पाठोपाठ चालणाऱ्या घोळक्यात शेवटच्या माणसाने हे बघायचं, असं आधीच ठरवून टाका. सीझिनकोटच्या कुरणात चटई पसरून सामुदायिक जेवण करणं वहिवाटीत बसत नाही.

वाट चुकणार नाही ना?

खांबांवर आणि फाटकांवर बाण असतात. पिवळा बाण पायी जाणाऱ्यांचा, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही येऊ शकतात. पण बाण कधी झुडपात दडतो, कधी खांबच पडलेला असतो. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल 45 क्रमांकाचा नकाशा घ्या, कागदी किंवा फोनवरचा. त्यावर शेतांची कुंपणंसुद्धा दाखवलेली असतात. शेताच्या कुठल्या बाजूने जायचं हा प्रश्न त्याने सुटतो, आणि या वाटेवर चुकण्याची शक्यता तिथेच असते. नेटवर्क अधूनमधून जातं. फोनवरचा नकाशा ट्रेनमध्येच उतरवून घ्या.

किती वेळ लागतो? चढ किती?

नुसतं चालायला साडेतीन तास धरा. चर्चमध्ये डोकावणं, जेवण आणि सीझिनकोटची बाग धरली तर पूर्ण दिवस. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना चढ म्हणावा असा चढ नाही. मोर्टन खोऱ्यात आहे, लाँगबरो आणि बोर्टन टेकडीच्या कडेवर, त्यामुळे लाँगबरोच्या आधी दम लागतो, मग चढउतार आणि शेवटी बोर्टनहून उतार. ही दिशा धरूनच चाला. दमल्यावर उतार मिळतो, आणि सीझिनकोट बरोबर मध्यावर येतं.

पावसानंतर जाऊ का?

चिखलाची तयारी असेल तर जा. मोर्टनच्या खोऱ्यात चिकणमाती आहे. ती बुटाला अशी धरते की दहा पावलांत पाय जड होतात. वर गेल्यावर चुनखडीचा दगड लागतो, पाणी झिरपून जातं आणि चालणं सोपं होतं. नोव्हेंबर ते मार्च घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे बूट हवेतच. स्पोर्ट्स शूज घालून येणाऱ्यांचे हाल पहिल्याच दोन शेतांत होतात.

मे महिना उत्तम. मेंढ्यांची कोकरं, मोहरीच्या कुळातल्या रेपची पिवळीधम्मक शेतं, झाडीत ब्लूबेलची निळी फुलं. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा सकाळीच निघा. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो.

खोऱ्यातल्या गवताळ शेतांवर उन्हं तिरकी पडली की लाटांसारखे लांब वरंबे आणि सऱ्या दिसतात. मध्ययुगात बैलांनी नांगरलेल्या पट्ट्यांच्या त्या खुणा. नंतर शेतं मेंढ्यांसाठी कुरणं झाली, पुन्हा नांगर फिरला नाही, म्हणून त्या टिकल्या. सकाळी लवकर किंवा हिवाळ्यात त्या सर्वांत स्पष्ट दिसतात. दुपारी बाराच्या उन्हात समोर असूनही दिसणार नाहीत.

गाईंची भीती वाटते. बैल सोडलेले असतात का?

भीती अगदीच अनाठायी नाही. वासरं बरोबर असलेल्या गाई, आणि त्यातही तुमच्याबरोबर कुत्रा असला तर, अंगावर येऊ शकतात. गाय आणि वासराच्या मधून जाऊ नका, धावू नका, शांतपणे लांबून वळसा घ्या. कुत्र्यामागे गाई लागल्या तर साखळी सोडून द्या. तो सुटतो आणि तुम्हीही सुटता. दुधाळ जातीचा दहा महिन्यांहून मोठा बैल पायवाटेच्या शेतात ठेवायला कायद्याने बंदी आहे. मांसासाठी पाळलेल्या जातीचा बैल गाई-कालवडींबरोबर असेल तर चालतो, म्हणून फलक असेल तर वाचा. या वाटेवर जास्त भेटतात त्या मेंढ्या, आणि त्या तुम्हाला पाहून स्वतःच पळतात.

उन्हाळ्यात उंच गवतातून गेलात तर घरी आल्यावर पायांवर गोचिडी आहेत का बघा. लाइम रोग त्यांच्यामुळे होतो.

गावांमध्ये काय बघायचं?

मोर्टनचा मुख्य रस्ता म्हणजे रोमन लोकांचा फॉस वे. म्हणून तो इतका सरळ. त्याच रस्त्याच्या एका कोपऱ्यावर कर्फ्यू टॉवर आहे, त्यातली घंटा 1860 पर्यंत रोज वाजत असे. व्हाइट हार्ट रॉयल या खाणावळीत 1644 मध्ये, इंग्लंडमधल्या यादवीच्या धामधुमीत, राजा पहिला चार्ल्स मुक्कामाला होता. त्याच्या मुलाची गोष्ट तुमच्या पायाखाली आहे. 1651 मध्ये वूस्टरची लढाई हरल्यावर दुसरा चार्ल्स नोकराच्या वेशात निसटला, आणि त्याच्या पळण्याच्या मार्गावरून मोनार्क्स वे आखला आहे, सुमारे हजार किलोमीटरचा. मंगळवारी मोर्टनला आठवड्याचा बाजार भरतो.

लाँगबरो लहान आहे. उन्हाळ्यात तिथे ऑपेराचा महोत्सव होतो. त्या दिवसांत गावातून जाताना भारी पोशाखातली माणसं आणि चिखलाने भरलेले तुम्ही असा मेळ जमतो. कुणी वाईट मानत नाही.

बोर्टन-ऑन-द-हिलला मात्र थांबा. मोठा रस्ता गावाच्या मधून जातो म्हणून लोक वेगाने निघून जातात आणि सेंट लॉरेन्स चर्चमधली एक चीज हुकते. नॉर्मन काळातले जाडजूड खांब बघत आत गेलात की घंटेच्या धातूची दोन मापं ठेवलेली दिसतील, बुशेल आणि पेक, 1816 सालची. बुशेल म्हणजे सुमारे 35 लिटर, पेक त्याचा चौथा भाग. धान्याच्या मोजणीवरून तंटा झाला की या मापांनी खरंखोटं करायचं. 1824 च्या कायद्याने देशभर नवी मापं आली आणि ही जुनी झाली, पण गावाने टाकली नाहीत. पायली, शेर, मापटं ज्यांनी आजीच्या घरी पाहिलं आहे, त्यांना या दोन भांड्यांपाशी काही समजावून सांगावं लागत नाही. बोर्टन हाउसच्या आवारातलं धान्याचं कोठार 1570 चं आहे, तेही बघून घ्या.

खाण्याचं काय? शाकाहारी मिळतं का?

मिळतं. लाँगबरो आणि बोर्टन दोन्हीकडे पब आहे आणि पबमध्ये एखादा तरी शाकाहारी पदार्थ असतोच. अडचण वेळेची. दुपारची स्वयंपाकघरं बऱ्याच ठिकाणी अडीचच्या सुमाराला बंद होतात आणि संध्याकाळीच पुन्हा सुरू होतात. रविवारी आधी टेबल राखून ठेवलं नाही तर बाहेरच राहाल. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी सॅकमध्ये ठेवते आणि पबमध्ये फक्त चहा किंवा सायडर घेते. घरचा डबा पबच्या टेबलावर उघडायचा नाही. चर्चच्या आवारातल्या बाकावर बसून खाल्लं तर चालतं, कचरा परत आणायचा. वाटेत पाणी भरायची सोय नाही, मोर्टनलाच भरून घ्या.

आई-बाबा भारतातून आले आहेत. त्यांना झेपेल?

रोज तास-दीड तास चालणाऱ्यांना झेपेल, पण गुडघे दुखत असतील तर पूर्ण फेरी नको. कुंपण ओलांडायला काही ठिकाणी लाकडी पायऱ्या चढाव्या लागतात आणि त्या ओल्या असल्या की घसरतात. त्यांच्यासाठी मधला तुकडाच करा: लाँगबरोला सोडा, सीझिनकोटच्या कुरणातून बोर्टनपर्यंत साधारण साडेतीन-चार किलोमीटर, आणि बोर्टनला गाडीत घ्या. सगळ्यांत चांगला भाग तोच आहे. काठी बरोबर द्या, आणि जून महिना असला तरी वाऱ्यासाठी एक जाकीट. बाबागाडी या वाटेवर अजिबात चालणार नाही, तान्ह्याला पाठीवर बांधा.

कसं पोहोचायचं?

ट्रेनने. लंडन पॅडिंग्टनहून मोर्टन-इन-मार्शला थेट गाडी आहे, साधारण दीड तासाची, आणि ऑक्सफर्डहून आणखी लवकर. स्टेशन गावातच आहे, उतरलं की चालायला सुरुवात. तीन ते नऊ जण एकत्र असाल तर गर्दीची वेळ सोडून ग्रुपसेव्हची एक तृतीयांश सवलत मिळते. गाडी आणलीत तर मोर्टनमध्येच लावा. लाँगबरो आणि बोर्टनच्या गल्ल्या अरुंद आहेत, आणि तिथल्या लोकांच्या दारासमोर आपण गाडी लावू नये.

बोर्टनहून मोर्टनला मोठ्या रस्त्याने सरळ आलं तर?

येऊ नका. ए 44 वर वाहनं जोरात येतात. शेतातून उतरणारी पायवाट हीच बरोबर वाट.

वाट अडवलेली किंवा फाटक मोडलेलं दिसलं तर काय करायचं?

जागेचा फोटो काढा, नकाशावरचा संदर्भ क्रमांक टिपून घ्या आणि ग्लॉस्टरशर काउंटी कौन्सिलच्या संकेतस्थळावर पायवाटांच्या तक्रारीचा जो भाग आहे, तिथे कळवा. ‘आपण पाहुणे, आपण कशाला’ असं म्हणू नका. या वाटा टिकतात त्या चालणाऱ्यांनी कळवल्यामुळे, आणि तक्रार करणाऱ्याचं आडनाव कुलकर्णी आहे की कूपर याने काही फरक पडत नाही. अडथळा बाजूला सारून पुढे जाता येत असेल तर जा, नाहीतर त्या अडथळ्याला लागून लहानसा वळसा घ्या आणि वाटेवर परत या.